नकलेची लाज कोणाला?

गेल्या वर्षी एका चित्रप्रदर्शनातून माझ्या विद्यार्थिनीचे चित्र परीक्षकांनी खाली उतरवले. कारण काय, तर 'ही नक्कल आहे.' नक्कल होतीच! चित्राखाली तिने स्वतःच्या हाताने 'रेम्ब्रांटवरून' असे लिहिले होते. चोराने आपले नाव-गाव लिहून ठेवून चोरी करावी, अशातला हा गुन्हा. शेजारी नटनट्यांच्या छायाचित्रांवर चौकोन आखून उतरवलेली चार चित्रे मात्र 'स्वतंत्र' म्हणून भिंतीवर सुखाने राहिली. त्या दिवसापासून मुलीने कोळसा हातात धरलेला नाही. एरवी मी या वादात पडलो नसतो.

तिने घेतले होते ते रेम्ब्रांटचे 'शंभर गुल्डरचे चित्र'. १६४८ च्या सुमाराचे, २८ गुणिले ३९ सेंटिमीटरच्या आसपासचे, तांब्याच्या पत्र्यावरून छापलेले. मध्ये येशू, उजवीकडे अंधारातून बाहेर येणारे आजारी आणि पांगळे, डावीकडे वाद घालणारे पंडित. शाई एकच, काळी. करडा रंग त्यात कुठेच नाही; रेघा दाट झाल्या की सावली, विरळ झाल्या की उजेड. आता हे कोळशाने उतरवायचे म्हणजे रेघा मोजून भागत नाही. प्रत्येक जागा शेजारच्या जागेहून किती काळी, हे डोळे किलकिले करून ठरवावे लागते.

पहिल्या आठवड्यात तिने उजवी बाजू काळीकुट्ट करून टाकली. माणसे त्या काळोखात घोंगडीला भोके पडावीत तशी दिसू लागली. मी काही बोललो नाही. तिनेच पावाच्या गराने सगळे पुसले. तिसऱ्या आठवड्यात मला म्हणाली, "सर, डावीकडचा कागद आणि येशूभोवतीचा कागद सारखाच कोरा आहे. मग येशूच जास्त का उजळतो?" हा प्रश्न पडावा म्हणूनच तर मी ते चित्र तिच्यापुढे ठेवले होते! उजेड कागदात नसतो, शेजारच्या काळोखात असतो, हे मी फळ्यावर दहा वेळा सांगितले होते. तिला ते तिच्या बोटांनी सांगितले. पुढे विनवणी करणाऱ्या बाईच्या जोडलेल्या हातांची सावली येशूच्या झग्यावर पडते, तेवढ्या सावलीला तिचे दोन दिवस गेले. जरा गडद झाली की डाग, जरा फिकी झाली की नाहीशी.

नकलेने प्रतिभा मरते, असे परीक्षक म्हणतात. गवयाचा शिष्य गुरूची तान शंभरदा घोटतो, तेव्हा त्याला कोणी चोर म्हणत नाही; तो रियाझ. चित्रकाराने केली की चोरी! व्हॅन गॉगने १८८० मध्ये बार्गच्या चित्रवहीतले नमुने घोटले, आणि १८९० मध्ये, हात पुरता तयार झाल्यावरही, रेम्ब्रांटच्या 'लाझरस'वरून चित्र रंगवले. त्यालाही आमच्या गावी जागा मिळाली नसती.

एक मात्र कबूल करतो. नकलेने माझे स्वतःचे नुकसान झालेले आहे. शाळेत ड्रॉइंग मास्तर फळ्यावर कमळ काढत आणि आम्ही ते वहीत उतरवत असू. सात वर्षे तेच कमळ. हात चालला, डोळे झोपले. पण दोष नकलेचा नव्हता, कमळाचा होता. त्यात शोधण्यासारखे काही नव्हतेच. फोनवरच्या चौकोनांतही नसते. चौकोन सांगतो नाक कुठे आहे, नाकाखालची सावली ओठापेक्षा गडद की फिकी, ते सांगत नाही.

ते उतरवलेले चित्र सध्या माझ्या खोलीत आहे. परीक्षकांनी एकदा यावे. कोळसा आणि पाव माझ्याकडे आहे. अख्खे चित्र नको, त्या बाईच्या हातांची सावली तेवढी काढून दाखवावी. मुलीलाही मी बोलावून ठेवतो.