साप चावल्यावर देतात ती ‘लस’ नसतेच, मग त्या बाटलीत असतं काय?

पावसाळा सुरू झाला की जिल्ह्याच्या पानावर एक बातमी ठरलेली असते. शेतात निंदणी करताना, नाहीतर रात्री घरात खाली अंथरूण टाकून झोपलेलं असताना साप चावला, गावातून तालुक्याला नेलं, तिथून जिल्ह्याला पाठवलं, वाटेतच जीव गेला. मग कमेंटमध्ये एकच भांडण पेटतं : दवाखान्यात लस होती की नव्हती?

प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच. लस कपाटात होती आणि तरीही पहिल्या दवाखान्यात दिली गेली नाही, असंही घडतं. त्यामागे बऱ्याचदा भीती असते, आणि ही भीती सापाची नसते, त्या बाटलीची असते. ती समजून घ्यायची तर नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची पुस्तकं उघडावी लागतात.

आत्ताच हा विषय का?

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने मांडला. वर्षाला सरासरी ५८ हजार. यातले बहुतेक मृत्यू खेड्यांत झालेले, आणि निम्मे पावसाळ्याच्या चार महिन्यांतले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातलं. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा आणला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे, हे त्याचं उद्दिष्ट. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्राने राज्यांना सांगितलं की सर्पदंशाची प्रत्येक घटना सरकारला कळवणं बंधनकारक करा. कर्नाटकने हे त्याआधीच केलं होतं.

आराखडा दिल्लीत ठरला. तो चालवायचा कुठे, हे पाहायचं तर धुळे जिल्ह्यातला साक्री तालुका धरा. साक्री गाव सुरत-नागपूर महामार्गावर आहे. धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तिथून सुमारे ५० किलोमीटर. रस्ता चांगला, तासाभरात पोचता येतं. पण हे झालं साक्री शहराचं गणित. तालुक्याचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या कडेचा, आदिवासी पाड्यांचा, भातशेतीचा. पिंपळनेरच्याही पलीकडच्या पाड्यावरून निघालेल्या माणसाला आधी डांबरी रस्त्यापर्यंत यायचं, गाडी मिळवायची, मग पिंपळनेर, मग साक्री, मग धुळे. प्रत्येक थांब्यावर ‘पुढे न्या’ एवढंच ऐकायला मिळालं, तर औषधाचा पहिला थेंब शिरेत जाईपर्यंत किती वेळ गेला याचा हिशेब तुम्हीच करा.

शिवाय रुग्णासोबत आलेली म्हातारी ‘साप चावला’ असं म्हणेलच असं नाही. ‘पान लागलं’ म्हणेल, ‘जनावर चावलं’ म्हणेल. रात्री सापाचं नाव घ्यायचं नाही, हा जुना संकेत. अहिराणी किंवा कोकणी बोलणाऱ्या घरातून नर्सिंगला गेलेल्या मुलीला हे कुणी शिकवावं लागत नाही. बाकीच्यांना लागतं, आणि ते पाठ्यपुस्तकात नसतं.

दोन विषय, एक बाटली

भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये बीएस्सी नर्सिंगचा अभ्यासक्रम बदलला आणि सेमिस्टर पद्धत आणली. त्यात औषधशास्त्राचे दोन भाग आहेत. तिसऱ्या सेमिस्टरला १ क्रेडिट, म्हणजे २० तास, आणि चौथ्याला ३ क्रेडिट, ६० तास. या ८० तासांत पॅरासिटामॉलपासून कॅन्सरच्या औषधांपर्यंत सगळं. रोगप्रतिकारशक्ती मात्र वेगळ्या पेपरात, सूक्ष्मजीवशास्त्रात. अँटीबॉडी म्हणजे काय, ॲलर्जी कशी होते, लसीकरण, शीतसाखळी, हे सगळं तिथे. दोन पुस्तकं, दोन शिक्षिका, दोन परीक्षा.

साप चावलेला रुग्ण खाटेवर आला की हे दोन्ही पेपर एकाच वेळी सोडवावे लागतात.

बाटलीवर लिहिलेलं असतं अँटी स्नेक व्हेनम, बोलीत एएसव्ही. आपण, म्हणजे वर्तमानपत्रंसुद्धा, तिला ‘सर्पदंशाची लस’ म्हणतो. लस तुमच्या शरीराला शिकवते. तुमचं शरीर मग स्वतः अँटीबॉडी तयार करतं, आणि त्याला दिवस-आठवडे लागतात. साप चावलेल्या माणसाकडे तेवढा वेळ नसतो. म्हणून अँटीबॉडी आयत्या द्याव्या लागतात, आणि त्या तयार केलेल्या असतात घोड्याने.

घोड्याला सापाचं विष अगदी थोड्या प्रमाणात टोचतात, हळूहळू वाढवत नेतात. घोड्याचं शरीर त्याविरुद्ध अँटीबॉडी बनवतं. मग रक्त काढून त्यातला द्रव वेगळा करतात आणि त्यातून औषध बनवतात. मुंबईच्या हाफकिनचं नाव पोलिओच्या डोसमुळे घरोघरी माहीत आहे. त्याच हाफकिनच्या औषधनिर्मिती महामंडळाने पिंपरीत वर्षानुवर्षं घोडे सांभाळून हे औषध बनवलं आहे. भारतातलं एएसव्ही नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालतं.

अँटीबॉडी इंग्रजी वाय अक्षरासारखी असते. वरच्या दोन फांद्या विषाला पकडतात. खालचा दांडा आपल्या प्रतिकारशक्तीला चिथावू शकतो, म्हणून कारखान्यात पेप्सिन वापरून तो कापून टाकतात. तरीही हे प्रथिन घोड्याचंच. ते मोठ्या प्रमाणात थेट शिरेत गेल्यावर माणसाचं शरीर कधी कधी बिथरतं. अंगावर गांधी उठतात, खाज सुटते, उलटी होते, धाप लागते, रक्तदाब घसरतो. यालाच आपल्याकडे ‘रिॲक्शन’ म्हणतात, आणि पहिल्या दवाखान्यातली भीती ती हीच. साप चावून मेला तर सापाने मारलं, पण सलाईन लावल्यावर मेला तर दवाखान्याने मारलं. दाराबाहेर जमलेल्या पन्नास लोकांसमोर उभं राहिलेल्या कुणालाही हा हिशेब कळतो.

भीती खरी आहे, पण तिच्यावर औषधही आहे

श्रीलंकेत १००७ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. त्यांना दिलेलं एएसव्ही भारतात बनलेलं होतं. सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांना काही ना काही रिॲक्शन आली. म्हणजे ‘क्वचित येते’ असं सांगणं खोटं ठरेल. पण याच चाचणीत दिसलं की एएसव्ही सुरू करण्याआधी ॲड्रेनॅलिनचा छोटा डोस कातडीखाली दिला तर तीव्र रिॲक्शन पहिल्या तासात ४३ टक्क्यांनी घटतात. आपल्याकडे भरवशाने टोचलं जाणारं हायड्रोकॉर्टिसोन आणि ॲलर्जीवरचं प्रोमेथाझिन यांचा तसा उपयोग दिसला नाही.

इथे औषधशास्त्र आणि प्रतिकारशक्ती एकत्र वाचलं नाही तर गोंधळ होतो. जुन्या सवयीने अनेक ठिकाणी आधी हातावर टोचून ‘टेस्ट डोस’ बघायचे. सरकारी मार्गदर्शक सूचना आता स्पष्ट सांगतात की तो करू नका. कारण एएसव्हीची लगेच येणारी रिॲक्शन ही बहुतेक वेळा नेहमीची ॲलर्जी नसते. आधीपासून तयार असलेल्या ॲलर्जीच्या अँटीबॉडी शोधायला ती टोचणी असते, आणि इथे त्या लागतच नाहीत. टेस्ट निगेटिव्ह आली तरी रिॲक्शन येऊ शकते, पॉझिटिव्ह आली तरी औषध द्यावंच लागतं. मग वेळ घालवायचा कशाला?

खरी तयारी वेगळी असते. सलाईन सुरू होण्याआधी ॲड्रेनॅलिन सिरिंजमध्ये भरून खाटेजवळ हवं. कपाटात असून भागत नाही, ज्याची किल्ली दुसऱ्याच सिस्टरकडे असते. रिॲक्शन दिसली की एएसव्ही थांबवायचं, मोठ्या माणसाला मांडीच्या स्नायूत अर्धा मिलिग्रॅम ॲड्रेनॅलिन, मुलांना वजनाप्रमाणे, सोबत ऑक्सिजन आणि सलाईन. रुग्ण सावरला की एएसव्ही पुन्हा हळू सुरू करायचं. कायमचं बंद करायचं नाही, कारण विषाला दुसरा उतारा नाही. आदेश डॉक्टरांचा असतो, पण खाटेशी थांबून पहिली गांधी उठताना पाहणारी नर्सच असते.

मुलाला अर्धा डोस का नाही?

औषधशास्त्रात पहिल्या दिवसापासून शिकवतात की मुलांचा डोस वजनावर. एएसव्ही हा त्याला अपवाद. घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते. एएसव्हीची १० मिलिलिटरची एक बाटली घोणसाचं सुमारे ६ मिलिग्रॅम विष निकामी करते. भागाकार केला की सुरुवातीला ८-१० बाटल्या का लागतात ते कळतं. सापाने समोर पोर आहे की बाप आहे हे बघून विष मोजलेलं नसतं. त्यामुळे पाच वर्षांच्या मुलालाही तेवढ्याच बाटल्या, फक्त सोबतचं सलाईन कमी. ही एक गोष्ट नीट डोक्यात बसलेली नर्स ‘एवढ्याशा पोराला दहा?’ म्हणून अडखळत नाही.

अर्थात प्रत्येक दंशाला एएसव्ही लागत नाही. बरेच साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप दर वेळी विष सोडतोच असं नाही. विष चढल्याची लक्षणं दिसली तरच ते द्यायचं. घोणस आणि फुरसे रक्त गोठू देत नाहीत. त्यासाठी सर्वांत स्वस्त तपासणी अशी : कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत २ मिलिलिटर रक्त घ्यायचं, २० मिनिटं हात लावायचा नाही, मग एकदा तिरकी करून पाहायची. रक्त पातळच राहिलं तर विष चढलंय. नळी काचेचीच हवी आणि डिटर्जंटने धुतलेली नको. काचेच्या स्पर्शानेच रक्त गोठायची क्रिया सुरू होते, प्लास्टिकमध्ये किंवा साबण राहिलेल्या नळीत ती फसवते. पन्नास किलोमीटरचा निर्णय या दोन-पाच रुपयांच्या नळीवर ठरू शकतो.

नाग आणि मण्यार यांचं विष नसांवर जातं. पापण्या मिटायला लागतात, बोलणं अडखळतं, शेवटी श्वास थांबतो. मण्यारचा दंश दुखतही नाही. रात्री झोपेत चावते, पहाटे पोट दुखतंय म्हणून माणूस उठतो आणि घरचे ओवा देतात. नागाचं विष स्नायूवरच्या कुलपात अडकून बसतं. निओस्टिग्मिन हे औषध शरीराची स्वतःची किल्ली, म्हणजे ॲसिटिलकोलीन, वाढवतं आणि कुलूप पुन्हा उघडायला मदत करतं. त्यासोबत ॲट्रोपिन द्यायचं, नाहीतर नाडी मंदावते. मण्यारचं विष मात्र नसेचं टोकच बिघडवतं, किल्लीच बाहेर येत नाही. तिथे निओस्टिग्मिन हात टेकतं आणि व्हेंटिलेटरच तारतो. झालेलं नुकसान एएसव्हीही उलटवत नाही. ते फक्त रक्तात फिरणारं विष पकडतं. पहिला डोस शक्य तितक्या जवळच्या दवाखान्यात मिळायला हवा, याचं सगळं कारण या एका गोष्टीत आहे. आधी डोस, मग गरज असेल तर सोबत ॲम्ब्यू बॅग चालवू शकणारा माणूस देऊन धुळे.

कोकणात विंचवाच्या बाबतीत हे कोडं असंच दोन्ही बाजूंनी सुटलं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध लाल विंचवाच्या दंशावर वापरलं आणि माणसं वाचू लागली. २०११ मध्ये त्यांच्याच चाचणीत दिसलं की प्राझोसिनसोबत विंचवाचं प्रतिविषही दिलं तर रुग्ण आणखी लवकर बरा होतो. गोळी आणि अँटीबॉडी, दोन्ही. मे २०२५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी याच वाटेने माणसाच्या दोन अँटीबॉडी आणि एक छोटं रासायनिक औषध एकत्र करून उंदरांना नाग-मण्यारच्या कुळातल्या अनेक सापांच्या विषापासून वाचवलं. ‘सगळ्या सापांवर एकच औषध आलं’ असे रील तेव्हा तुम्हीही पाहिले असतील. घोणस आणि फुरसे त्यात नव्हते, आणि ते अजून उंदरांपुरतंच आहे.

आपल्या हातातल्या एएसव्हीलाही मर्यादा आहेत. त्यासाठी लागणारं बहुतेक विष तमिळनाडूतल्या इरुला सर्पमित्रांच्या सहकारी संस्थेकडून येतं, आणि एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशानुसार बदलतं हे संशोधनात दिसलंय. खानदेशातल्या घोणसाला तमिळनाडूच्या घोणसावर बेतलेलं औषध किती पुरतं, हा आराखड्यातला खरा मोठा प्रश्न आहे. पण त्याचं उत्तर येईपर्यंत आहे तेच वेळेत देणं हाच उपाय. भुकटीच्या रूपातलं एएसव्ही फ्रिजशिवायही टिकतं, त्यामुळे वीज जाणाऱ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते ठेवता येतं. बाटल्यांचा साठा मोजणं सोपं आहे. माझ्या मते आरोग्य खात्याने त्यासोबत हेही मोजावं की त्या केंद्रातल्या किती नर्सनी गेल्या वर्षभरात रिॲक्शनची रंगीत तालीम केली.

एक गोष्ट घरी जातानाची. रुग्ण बरा होऊन पाड्यावर परततो आणि आठ-दहा दिवसांनी त्याला ताप येतो, सांधे दुखतात, अंगावर पुरळ उठतं. याला सीरम सिकनेस म्हणतात. घोड्याच्या प्रथिनाविरुद्ध आता त्याच्या शरीराने स्वतःच्या अँटीबॉडी बनवलेल्या असतात, आणि दोन्हींच्या गुठळ्या रक्तवाहिन्यांत, सांध्यांत अडकतात. औषधाने ते बरं होतं. पण घरच्यांना वाटतं विष पुन्हा चढलं, आणि ते भगताकडे निघतात. सुट्टी देताना कागदावर हे इंग्रजीत लिहिलेलं असलं तर त्याचा उपयोग नाही. निघण्याआधी त्यांच्याच बोलीत सांगायचं, की दहा दिवसांत ताप आला तर घाबरू नका, इथेच परत या.