ओरखडे कोणी पाडले?

गेल्या महिन्यातली शनिवार सकाळ. पार्किंगमध्ये मी, आमच्या सोसायटीत गाड्या पुसणारे मामा आणि मध्ये माझी काळी गाडी. (काळा रंग घेऊ नकोस असं शोरूमवाल्यापासून सासऱ्यांपर्यंत सगळ्यांनी सांगितलं होतं. असो.) मोबाईलचा टॉर्च बॉनेटवर मारला की कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल गोल ओरखडे चमकत होते, आणि मी माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाला झापत होतो. "एकाच फडक्याने वीस गाड्या पुसता मामा, दुसरं काय होणार!"

मामा काही बोलले नाहीत. बादली उचलली आणि पुढच्या गाडीकडे गेले.

आता आपल्या धंद्यातली गोष्ट. प्रॉडक्शनमध्ये काही फुटलं की पहिल्या पाच मिनिटांत दोष कुणावर जातो? व्हेंडरवर, नाहीतर नवीन जॉइन झालेल्या पोरावर. लॉग कुणी बघत नाही. मी ऑफिसात यावर तावातावाने बोलतो. पार्किंगमध्ये मात्र लॉग न बघता मोकळा झालो.

संध्याकाळी लाज वाटली म्हणून म्हणा किंवा खाज म्हणून म्हणा, एक प्रयोग केला. घरात जुन्या सीड्यांचा डबा आहे, कॉलेजच्या काळातला. सीडीचं प्लॅस्टिक मऊ, त्यावर जरा काही खरखरीत फिरलं की दिसतं. एका सीडीवर मामांचं फडकं घासलं, एका जुन्या सुती धोतराचा तुकडा. दुसरीवर माझा जाड, निळा, ऑनलाईन मागवलेला मायक्रोफायबर, ज्याने मी दर रविवारी मोठ्या प्रेमाने गाडी पुसतो.

ओरखडे दोन्हींवर पडले. माझ्या सीडीवर जास्त.

टॉवेल खराब नव्हता, मी त्याचं वाटोळं केलं होतं. आठवड्याच्या धुण्यात जीन्स आणि आंघोळीच्या टॉवेलांबरोबर टाकायचो. वर झाकणभर फॅब्रिक सॉफ्टनर, वास छान येतो म्हणून. मग गॅलरीच्या कठड्यावर कडक उन्हात वाळत. आमची गॅलरी हिंजवडीत, समोर दोन टॉवरचं बांधकाम. सिमेंट आणि वाळूची धूळ दिवसभर त्या टॉवेलवर बसायची आणि रविवारी तीच मी बॉनेटवर फिरवायचो. म्हणजे पॉलिश पेपर मी स्वतः घरी बनवत होतो, सुगंधी!

मायक्रोफायबर म्हणजे काय ते जरा बघू, कारण सगळं त्यावरच आहे. नऊ हजार मीटर धाग्याचं वजन एक ग्रॅम भरलं तर तो धागा एक डेनियरचा. रेशमाचा तंतू साधारण तिथेच, थोडा वर. मायक्रोफायबर त्याहूनही बारीक. जपानच्या तोरे कंपनीत मियोशी ओकामोतो यांनी १९७० मध्ये असल्या अतिसूक्ष्म तंतूंपासून नकली स्वेड कापड बनवलं, त्याच कुळातलं हे आपलं फडकं. पॉलिएस्टर आणि पॉलिअमाईड एकत्र ओढून धागा काढतात आणि मग तो फोडतात. फोडलेल्या धाग्यात ज्या फटी तयार होतात त्या पाणी ओढतात आणि धूळ उचलतात. फटी आहेत म्हणून टॉवेल आहे.

आता यात सॉफ्टनर घाला. सॉफ्टनरचं कामच मुळी धाग्यावर एक गुळगुळीत थर बसवायचं. फटी बुजल्या, पाणी शोषेना, नुसतं पुढे ढकलायला लागला. सुती कपड्यांबरोबर धुवा, त्यांचा लिंट याच फटींत अडकतो. खूप गरम ड्रायरमध्ये टाका किंवा इस्त्री फिरवा, मूळ प्लॅस्टिकच ते, टोकं कडक होतात. आणि हे सगळं कशावर घासायचं, तर क्लिअर कोटवर, ज्याची जाडी असते ४०-५० मायक्रॉन. डोक्याचा केस त्याहून जाड असतो. पॉलिश करून ओरखडे "काढले" म्हणतात तेव्हा खरं म्हणजे आजूबाजूचा थर खरवडून खाली आणलेला असतो. तो परत उगवत नाही. (ओरखडे गोल नसतातच, ते सगळ्या दिशांना असतात. दिव्याभोवती जे आडवे येतात तेवढेच चमकतात म्हणून गोल दिसतात. मी गोलच पुसत असेन हो, पण पुरावा म्हणून ते चालणार नाही.)

यावर यूट्यूबवरच्या डिटेलिंगवाल्या मंडळींचा सल्ला काय? टॉवेल स्वस्त, पेंट महाग, सरळ फेकून द्या. पन्नासचं पाकीट घ्या, वापरा, फेका. हा सल्ला मला पटत नाही. एकाच बाबतीत तो बरोबर आहे. सिरॅमिक कोटिंग पुसून काढलेला टॉवेल खरंच परत पेंटला लावू नये, ते कोटिंग धाग्यातच काचेसारखं कडक होतं, कितीही धुवा निघत नाही. बाकी मेण, पॉलिश, चिखल सगळं निघतं. आणि फेकायचं म्हणजे कुठे? हे प्लॅस्टिक कुजत नाही. धुतानासुद्धा त्याचे बारीक तंतू पाण्याबरोबर जातातच, ही त्याची काळी बाजू आहेच. म्हणून तर जो घेतलाय तो वर्षानुवर्षं पुरवायचा, नवीन पन्नास आणायचे नाहीत.

आणि हे आपल्याला कुणी शिकवायला हवं का? माझ्या आजीच्या स्वयंपाकघरात पोळ्या गुंडाळायचं फडकं वेगळं, गरम भांडं उतरवायचं मसोतं वेगळं, जमीन पुसायचं पोतेरं वेगळं. धोतराचा पंचा व्हायचा, पंच्याचं फडकं, फडक्याचं पोतेरं. डिमोशन होतं, प्रमोशन कधीच नाही! पोतेऱ्याने कुणी पोळी झाकली नाही. माझ्या टॉवेलांनाही आता हाच नियम. आधी पेंट, मग आतला डॅशबोर्ड आणि दाराच्या कडा, मग चाकं. चाकांना लागलेला परत वर येत नाही, ब्रेकची धूळ म्हणजे धातूचा चुरा असतो.

धुणं अवघड नाही. तेलकट असेल तर कोमट पाण्यात थोडं भांड्यांचं लिक्विड घालून अर्धा तास भिजवायचं. मग मायक्रोफायबरचं वेगळं धुणं, ४० डिग्री, लिक्विड डिटर्जंट आणि तेही कमी. पावडर नको, आमच्या टँकरच्या जड पाण्यात ती नीट विरघळत नाही. ब्लीच नाही, सॉफ्टनर नाही. एक खळबळणं जास्त. घरात, पंख्याखाली वाळवायचं आणि झाकणाच्या डब्यात ठेवायचं. जमिनीवर पडला की तो टॉवेल त्या दिवसापुरता बाद, झटकून चालत नाही. नवीन आणला तरी आधी धुवायचा आणि शिवलेलं लेबल कापून टाकायचं. बास.

पण मला खरं भांडायचंय ते दुसऱ्याच गोष्टीवर. पाण्याची टंचाई म्हणून पार्किंगचा नळ सोसायटीने बंद केला. ठराव आपणच केला, मीही हात वर केला होता. मामांना दिवसाला मोजून बादल्या मिळतात, वीस गाड्यांना. फडकं कुणी देत नाही, ते घरून आणतात. एका गाडीमागे महिन्याला जे पैसे देतो तेवढ्यात माझे तीन टॉवेल येतात, आणि तेही देताना आपण दिवाळीपर्यंत घासाघीस करतो. आणि मग टॉर्च घेऊन ओरखडे मोजतो! गाडी आपली असेल तर फडकंही आपलं असायला हवं आणि ते धुणंही आपलंच. प्रत्येक गाडीमागे दोन टॉवेल, फ्लॅट नंबर लिहून. मळले की मालकाने न्यायचे, धुऊन द्यायचे. हे मी मेंटेनन्सच्या ग्रुपवर टाकलं तर तीन अंगठे आले आणि एक "आम्ही काय धोबी आहोत का?"

मामांची माफी मागितली. दोन धुतलेले टॉवेल आणि एक जास्तीची बादली दिली. त्यांनी टॉवेल उलटसुलट करून बघितला, बोटांत चुरगाळला.

"साहेब, हा कोरडा पुसायचा की ओला?"

ओलाच, म्हटलं. हा प्रश्न मी स्वतः कधी कुणाला विचारला नव्हता.