दिघीत औद्योगिक शहर येतंय, पण त्याच्या आयटीची किल्ली कुणाकडे राहणार?

नव्या फोनसाठी जुना चार्जर चालतो, हे आता आपल्याला नवीन नाही. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना यूएसबी-सी सक्तीचं केलं आणि उरलासुरला गोंधळही मिटत चालला. कंपनी कुठलीही असो, पिन एकच. पण हजारो कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या आयटी विभागांसाठी असं काही आहे का? रायगडच्या पोरापोरींनी हा प्रश्न आत्ताच विचारायला हवा.

दिघीत काय चाललंय?

आगरदांड्याहून फेरीबोटीने दिवेआगरला गेला असाल तर दिघी तुम्ही पाहिलंच असेल. कर्जात अडकलेलं इथलं बंदर अदानी पोर्ट्सने फेब्रुवारी २०२१ मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेतून ७०५ कोटी रुपयांना घेतलं. पुढे २८ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने १२ औद्योगिक शहरांना मंजुरी दिली. त्यात दिघीचंही नाव आहे.

चर्चा होते ती रस्ते, पाणी आणि जमिनीची. पण तिथल्या प्रत्येक कारखान्यात एक आयटी विभागही असणार: गेटपास, पगार, बिलं, बॅकअप सांभाळणारा. आणि तो बंद पडला तर काय होतं, हे याच जिल्ह्याने पाहिलंय. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या हा सायबर हल्ला मर्स्क कंपनीवर झाला आणि उरणच्या जेएनपीटीतलं तिचं टर्मिनल ठप्प झालं. जगभरात कंपनीला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले.

मानक म्हणजे नेमकं काय?

अशा वेळी पहिला प्रश्न येतो: आपल्याकडे काय काय आहे आणि कशावर काय अवलंबून आहे? बऱ्याचदा ही माहिती एखाद्या विक्रेत्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, त्याच्याच पद्धतीने साठवलेली असते. कंपनी बदलायची म्हटलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

यावर उपाय म्हणून 'द ओपन ग्रुप' या संस्थेने २०१५ मध्ये 'आयटी फॉर आयटी' हे मानक आणलं. (युनिक्स या नावाचा ट्रेडमार्कही याच संस्थेकडे आहे.) त्यात आयटी विभागाचं काम चार प्रवाहांत मांडलं होतं: पैसा कशावर खर्च करायचा ते ठरवणं, गरज ओळखून सॉफ्टवेअर तयार करणं, मागणी आली की सेवा पुरवणं, आणि बिघाड शोधून दुरुस्त करणं. पुढे या मांडणीत बदल झाले, पण मुद्दा तोच राहिला. कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं हे मानक सांगत नाही. कुठली माहिती ठेवायची आणि ती एकमेकांशी कशी जोडायची, एवढंच सांगतं. उदाहरणार्थ, गेटवरचं मशीन बंद पडल्याची तक्रार आली, तर ते कुठल्या सर्व्हरवर चालतं आणि त्यात शेवटचा बदल कधी झाला, हे लगेच दिसलं पाहिजे.

मग प्रश्न सुटला?

नाही. हे मानक ऐच्छिक आहे. यूएसबी-सीमागे कायदा उभा राहिला, इथे तसं नाही. शिवाय ते घडवण्यात शेलसारख्या ग्राहक कंपन्यांबरोबर एचपीसारखे विक्रेतेही होते. त्यामुळे 'आम्ही मानक पाळतो' एवढ्यावर विश्वास ठेवून चालत नाही. आणि मानक व्हायरसही अडवत नाही. हल्ल्यानंतर काय आधी उभं करायचं, हे कळायला फक्त मदत करतं.

म्हणून खरी लढाई करारात असते. आपला डेटा खुल्या स्वरूपात परत मिळेल का? नोंदींचा अर्थ सांगणारी कागदपत्रं कुणाकडे राहतील? करार संपल्यावर किती दिवसांत सगळं हातात येईल? ही उत्तरं सही करण्याआधी घ्यायची असतात, नंतर विचारून फारसा उपयोग नसतो.

तुमच्यासाठी यात काय? माणगाव, म्हसळा, श्रीवर्धनच्या मुलांना उद्या इथे आयटीत नोकरी हवी असेल, तर एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअरची बटणं पाठ करून भागणार नाही. ते सॉफ्टवेअर बदललं की शिकलेलं वाया जातं. काम कुठून कुठे जातं, हे ज्याला कळतं, तो कुठल्याही स्क्रीनसमोर बसू शकतो.