तेरेखोलच्या पुढे रस्ता आहे

केरीच्या धक्क्यावरून सुटलेली फेरीबोट काही मिनिटांत पर्यटकांना तेरेखोल नदीच्या पलीकडे उतरवते. मंडळी चढण चढून किल्ल्यावर जातात, तटावरून केरीच्या किनाऱ्याचे फोटो काढतात आणि त्याच फेरीबोटीने माघारी फिरतात. किल्ल्यामागचा रस्ता महाराष्ट्रात रेडीला जातो, तिथे यशवंतगड आहे, पुढे शिरोड्याची मिठागरे आहेत, हे त्यांना कुणी सांगत नाही.

हा किल्ला मुळात सावंतवाडीकर सावंतांचा. १७४६ मध्ये तो पोर्तुगिजांनी घेतला आणि नदीच्या उत्तर काठावरचा एवढासा तुकडा गोव्याच्या नकाशात गेला. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी याच किल्ल्यावर तिरंगा फडकवला. जवळच्या शिरोड्यात १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला होता. स्वातंत्र्यलढ्यातल्या या दोन जागा एकाच सकाळी बघून होतात. पण एक गोव्याच्या माहितीपत्रकात, दुसरी महाराष्ट्राच्या. दोन्ही जोडून दाखवणारे कुणी नाही.

पेडणे, सावंतवाडी, वेंगुर्ला आणि दोडामार्ग हे चार तालुके दोन्ही सरकारांनी एक पर्यटन पट्टा म्हणून लोकांपुढे ठेवावेत, असे माझे ठाम मत आहे. लोक तसेच जगतात. दशावतार पेडण्यातही रंगतो आणि सावंतवाडीतही. देवस्थाने, सोयरिकी, बाजारहाट सगळे सीमेच्या आरपार चालते. फक्त पाहुण्याला आपण सीमेवर अडवतो.

सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला. २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ आला. २०२३ च्या जानेवारीपासून मोपाहून विमाने उडू लागली. मोपा पेडणे तालुक्यात, बांद्यापासून हाकेच्या अंतरावर. पण तिथे उतरलेला प्रवासी बहुधा सरळ दक्षिणेचा रस्ता धरतो, कारण उत्तरेकडे काय आहे आणि तिथे जायचे कसे, हे त्याला विमानतळावर ठळकपणे दिसत नाही. सावंतवाडीच्या राजवाड्यातली गंजिफा, चितारआळीतली लाकडी खेळणी, आरोंद्याची खाडी, घरगुती न्याहारी-निवास चालवणाऱ्या बायाबापड्यांचे अंगण, हे सारे त्याच्या वाटेबाहेर राहते.

गोव्यातल्या व्यावसायिकांना वाटते, गिऱ्हाईक पलीकडे जाईल. ही धास्ती अनाठायी आहे. पाहायला जास्त असेल तर पाहुणा एक रात्र जास्त राहतो आणि त्याचा लाभ दोन्हीकडे होतो. सिंधुदुर्गातल्या गावांना मात्र वेगळी भीती वाटते: गोव्याच्या किनाऱ्यावरची गर्दी, कर्कश रात्री आणि कचरा आपल्याकडे येईल. ती रास्त आहे. मोरजीला आणि वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणीला ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. विणीच्या काळात किनाऱ्यावरचे दिवे, आवाज आणि वाहने यांचे नियम दोन्हीकडे सारखे आणि सारखेच कडक हवेत. आधी नियम, मग जाहिरात, हा क्रम चुकला तर नुकसान भरून येणार नाही.

सुरुवातीला फार पैसा लागत नाही. केरीच्या धक्क्यावर आणि तेरेखोलच्या पायथ्याशी पुढच्या रस्त्याचा नकाशा लावा. मोपा, पेडणे, आरोंदा, शिरोडा, वेंगुर्ला, सावंतवाडी अशी फेरी महाराष्ट्राची एसटी आणि गोव्याची कदंब बससेवा यांनी मिळून, एकाच तिकिटावर सुरू करा. कार्तिकापासूनच्या जत्रा आणि दशावतारी नाटकांचे एकच वेळापत्रक छापा. गोव्यातून दारू नेण्याचे नियम इन्सुलीच्या नाक्यावर गाडी अडवल्यावर नव्हे, निघण्यापूर्वीच पर्यटकाला कळू द्या.

हे जमणार नाही, असे कुणी म्हणू नये. तिलारीचे धरण दोन्ही राज्यांनी खर्च आणि पाणी वाटून घेऊन उभे केले. जिथे एवढे धरण एकत्र बांधता आले, तिथे एक बस एकत्र चालवता न येणे ही केवळ अनास्था आहे. सिंधुदुर्ग आणि उत्तर गोव्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी चतुर्थी आटोपताच एकत्र बसावे आणि हंगाम सुरू होण्याआधी पहिली बस सोडावी. बाकीच्या मागण्या त्यानंतर करू.