शेवटच्या रांगेपर्यंत

आपल्या शाळेत ध्वनितंत्र शिकविणारे सर अकस्मात कालकथित झाले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात त्रिसरण-पंचशीलासाठी माईक सुरू केला आणि कर्कश शिट्टी घुमली. सवयीने साऱ्यांच्या नजरा सभागृहाच्या मागच्या कोपऱ्याकडे वळल्या. तेथे सर नव्हते.

आवाजाचे काम आपण दुय्यम मानतो. निमंत्रणपत्रिकेवर वक्त्याचे नाव छापले जाते. ‘माईकवाला’ अनामिक राहतो. सरांनी या कामाला शास्त्राची प्रतिष्ठा दिली. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणून पुढच्या व मागच्या स्पीकरांत ३४ मीटर अंतर असेल, तर मागच्या स्पीकरला सेकंदाच्या दहाव्या भागाइतका डिले द्यावा लागतो. अन्यथा शब्द दोनदा कानी पडतात. हे गणित ते मोजपट्टी घेऊन मैदानावर शिकवीत. मग स्वतः शेवटच्या रांगेत, लेकरे मांडीवर घेतलेल्या आयाबायांजवळ बसून ऐकत. तेथे स्पष्ट ऐकू आले, तरच सभा झाली, अशी त्यांची धारणा होती.

आपला वारसा श्रवणाचा आहे. बुद्धवचने भिक्खुसंघाने शतकानुशतके मुखोद्गत जपली. इसवी सनपूर्व पहिल्या शतकात श्रीलंकेत ती ग्रंथबद्ध झाली. आंबेडकरी जलशांनी अक्षरओळख नसलेल्या वस्त्यांपर्यंत विचार नेला. बाबासाहेबांचे लेखन खंडांमागून खंडांत उपलब्ध आहे. परंतु १९५५ च्या बीबीसी मुलाखतीसारखी, त्यांचा प्रत्यक्ष आवाज ऐकविणारी ध्वनिमुद्रणे मोजकीच आहेत. ही उणीव सरांना सलत असे. म्हणूनच सुटीत घरी जाणाऱ्या मुलांकडे ते टेपरेकॉर्डर सोपवीत आणि आजीच्या ओव्या, गावची भीमगीते मुद्रित करून आणावयास सांगत.

त्या कॅसेटी आज सरांच्या कुलूपबंद खोलीत आहेत. त्यांतील एकीवर माझ्या आजीचा आवाज आहे. आजी आता नाही. दमट हवेत चुंबकीय फितीला बुरशी लागते. एक-दोन पावसाळ्यांचा विलंबही महाग पडू शकतो.

सभागृहाला सरांचे नाव द्यावे, तैलचित्र लावावे, अशी सूचना पुढे आली आहे. तिच्यामागील कृतज्ञतेचा आदर राखून मी नम्रपणे असहमती नोंदवितो. नाव अवश्य द्यावे. पण आधी कुलूप उघडावे, रिक्त जागी शिक्षक नेमावा आणि कॅसेटींचे डिजिटल रूपांतर हाती घ्यावे. सर्व संस्कार अनित्य आहेत, हे आपण जाणतो. मात्र अनित्यतेचा बोध हा हेळसांडीचा परवाना नव्हे. तथागतांनी अप्रमादाचाच आग्रह धरला होता.

सरांचे अनेक विद्यार्थी आज ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात आहेत. नवा शिक्षक येईपर्यंत प्रत्येकाने महिन्यातून एक रविवार शाळेला द्यावा. पालकांनीही घरातील जुन्या कॅसेटी आणून द्याव्यात. पहिल्या रविवारी मी येत आहे. आजीच्या कॅसेटपासून नव्हे, सर्वांत जुन्या कॅसेटपासून प्रारंभ करू. सरांनी तसेच केले असते.