गाडी कोल्हापूरची, अंगण बेळगावचं

धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात. पण जुनी मोटार काही धर्माची नसते. पै-पै साठवून घेतलेली असते. तिचे दात मोजायलाच हवेत.

आपल्याकडे सोयरीक दोन राज्यांत. सूनबाईंचं माहेर धारवाडला, आत्याबाई कोल्हापूरला. त्यामुळे ‘एमएच ०९ ची गाडी आहे, स्वस्तात देतो’ हा निरोपही बहुधा पाहुण्यांकडूनच येतो. मग तपासायचा संकोच वाटतो. मंडळी, तो संकोच आधी बाजूला ठेवा.

पहिलं काम कागदांचं. तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे नमुना २८, हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. मालकी बदलण्यासाठी नमुने २९ आणि ३० लागतात. गाडीवर कर्ज होतं का, तेही आरसीवर पाहा. असेल तर ते फिटल्याचा नमुना ३५ मागा. परराज्याच्या नंबरावर बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी इथे ठेवता येत नाही. केए २२ नंबर घेताना कर्नाटकाचा आजीवन कर भरावा लागतो. हा आकडा सौद्याआधीच आरटीओत विचारा, नाहीतर स्वस्त गाडी महाग पडते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे २०१२ ची गाडी घेतली तर २०२७ मध्ये पुन्हा तपासणी आणि खर्च आलाच. विमाही १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करून घ्या.

दुसरं, पूर. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कोल्हापूर-सांगलीत पाणी कुठवर चढलं होतं, ते आपण विसरलेलो नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा; आतल्या टोकाला चिखलाचा डाग दिसतो का ते बघा. पायाखालची चटई उचला, सीटखालचे स्क्रू गंजलेत का पाहा. आत कुबट वास असेल आणि वर भरपूर सेंट मारलेलं असेल, तर सरळ नमस्कार करून निघा. गोवा-कोकणातली गाडी असेल तर दारांची खालची कड आणि चाकांवरचा पत्रा बोटाने दाबून पाहा.

तिसरं, इंजिन. गाडी पाहायला सकाळी जा आणि ‘आधी चालू करून ठेवू नका’ असं कळवा. थंड इंजिन एका झटक्यात सुरू झालं पाहिजे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. चढावर क्लच घसरतो का, उतारावर ब्रेक एका बाजूला ओढतो का, हे चालवूनच कळतं. घरात जे रोज चालवणार, त्यांनीच चालवून पाहावं. सूनबाई शाळेला मुलं सोडणार असतील तर त्यांनी.

कोणती घ्यावी? लहान पेट्रोल गाडी, जिचे पार्ट तालुक्याच्या गावातही मिळतात. अल्टो, वॅगनआर यांचं काम कुठलाही मिस्त्री करतो. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, तेव्हा तिचं वय ध्यानात घ्या.

आणि हो, आपला मिस्त्री बरोबर न्या, त्याची मजुरी द्या. तो कन्नडमध्ये हळूच काही म्हणाला तर सूनबाई शेजारी असू द्यात. पाहुण्यांना क्षणभर वाईट वाटेल. पण गाडी महिन्यात बंद पडली, तर पुढच्या लग्नात तोंड चुकवण्याची पाळी दोघांवरही येते.