दाखला वर्गणीतून मिळत नाही

प्रति : मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
मार्फत : मा. जिल्हाधिकारी, गडचिरोली
विषय : मुलचेरा व चामोर्शी तालुक्यांतील बंगाली निर्वासित कुटुंबांच्या मागण्या

महोदय,

पूर्व पाकिस्तानातून उखडलेली आमची कुटुंबे 1964 नंतर तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात वसवली गेली. बरीचशी रायपूरजवळच्या माना छावणीतून आली. तेव्हापासून अडीनडीला धावते ते गावचे मंडळ. दुर्गापूजा आटोपली की मंडपवाल्याचे नि ढाकीचे पैसे चुकते होतात, उरलेली रक्कम वहीत मांडली जाते. त्यातूनच कुणाचे नागपूरच्या मेडिकलपर्यंतचे गाडीभाडे, कुणाच्या श्राद्धाचे तांदूळ, कुणाची परीक्षा फी. म्हाताऱ्या पेशंटसोबत मराठी नीट बोलणारा पोरगा कोणता धाडायचा, हेही मंडळच ठरवते. या कामासाठी आम्ही अनुदान मागत नाही. अनुदान आले की अध्यक्षपदाची भांडणेही येतात! मागतो आहोत ते वर्गणी काढून मिळणारे नाही.

मुख्य मागणी जातीच्या दाखल्याची. आमच्यातले बहुसंख्य नमोशूद्र. पश्चिम बंगालच्या अनुसूचित जातींच्या यादीत ही जात आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. वाशिम जिल्ह्यातल्या किन्हीराजाचा अनुसूचित जातीचा मुलगा पणजोबांची 1950 पूर्वीची कोतवाल बुकाची नक्कल जोडून अर्ज करू शकतो. (हेलपाटे त्यालाही चुकत नाहीत, ते वेगळे.) आमच्या मुलाने काय जोडावे? अनुसूचित जातींचा आदेश निघाला त्या 10 ऑगस्ट 1950 रोजी त्याचा पणजोबा पद्मेपलीकडे होता, आणि कागद सापडला तरी इथल्या यादीत जातच नाही. बाबासाहेब 1946 साली घटना समितीवर बंगालमधून निवडून गेले ते जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या नमोशूद्र सहकाऱ्यांच्या बळावर. त्याच समाजाच्या मुलाला बाबासाहेबांच्या महाराष्ट्रात खुल्या प्रवर्गात उभे राहावे लागते.

यादीत बदल संसदच करते, अनुच्छेद 341 प्रमाणे, हे आम्हाला ठाऊक आहे. पण प्रस्ताव राज्याने पाठवायचा असतो. भारताचे महानिबंधक आणि राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोग त्यानंतर मत देतात. तेव्हा 'विषय केंद्राचा आहे' एवढ्यावर आमची बोळवण करू नये. पुण्याच्या बार्टी या संशोधन संस्थेकडून आमच्या गावांची सामाजिक पाहणी करून घ्यावी आणि पूर्ण प्रस्ताव एका वर्षात दिल्लीला धाडावा. तोवर शिष्यवृत्ती व वसतिगृहासाठी राज्याने स्वतःच्या निधीतून सोय करावी.

दुसरी मागणी जमिनीची. ज्या पट्ट्यांच्या सातबाऱ्यावर अजून 'भोगवटादार वर्ग-2' आहे, ते नजराणा न घेता वर्ग-1 करावेत. जमीन पुनर्वसनासाठी दिली होती. तिची किंमत पुन्हा वसूल करणे बरे दिसत नाही. वारसनोंदींसाठी गावातच फेरफार शिबिर घ्यावे.

अनुच्छेद 350-क ला धरून प्राथमिक शाळांत बांगला शिकवणारा एकेक शिक्षक द्यावा. मराठी आम्हाला हवीच आहे, तिच्याऐवजी काही मागत नाही.

चर्चेची बैठक मुलचेरा तहसील कार्यालयात ठेवावी. गडचिरोलीला जायचे म्हणजे रोवणीच्या दिवसांत एका माणसाची मजुरी बुडते. वार आधी कळवावा.

आपले,
गावोगावच्या मंडळांचे प्रतिनिधी